नाव पुरस्काराला, पुस्तक रद्दीला

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांचे ढीग लावून विक्रेते बसतात. २००९च्या मे महिन्यात तिथे मला चाळीस रुपयांना एक इंग्रजी पेपरबॅक मिळालं. पाठीला चिकटपट्टी, कोपरे दुमडलेले. पहिल्या पानावर ब्रिटनमधल्या कुठल्याशा सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का आणि त्याच्यावर आडवा मारलेला दुसरा, 'विड्रॉन'. म्हणजे वाचनालयाने काढून टाकलेलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी डकवलेली होती. तिच्यावर जांभळ्या शाईचे शिक्के आधी दाटीवाटीने, एकेका महिन्यात दोन-दोन, मग विरळ होत गेलेले. शेवटचा १९९८चा. पुढे ते किलोवर विकल्या जाणाऱ्या एखाद्या गठ्ठ्यातून मुंबईला आलं असणार.

पुस्तक होतं 'लेडलॉ', ह्याच नावाच्या पोलिसाची गुन्हेकथा, लेखक स्कॉटलंडचा विल्यम मॅकिल्व्हनी. दोन्ही नावं मला तेव्हा अनोळखी. रात्री वाचायला घेतलं ते पहाटे संपवूनच दिवा मालवला, आणि दुसऱ्या दिवशी ह्या माणसाचं आणखी काही मिळतं का ते शोधायला लागलो. मिळेना. लेडलॉची पुस्तकं छापलीच जात नव्हती. लेखक तेव्हा हयात होता, बहात्तर वर्षांचा होता, आणि त्याच्या स्वतःच्या देशातही त्याचं पुस्तक हवं असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानाचीच पायरी चढावी लागत होती.

त्यानंतर तीन वर्षांनी, २०१२त, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला 'ब्लडी स्कॉटलंड' हा गुन्हेकथांचा महोत्सव सुरू झाला. मॅकिल्व्हनी तिथे व्यासपीठावर आले. २०१३त एडिंबराच्या कॅननगेट प्रकाशनाने लेडलॉची तिन्ही पुस्तकं पुन्हा काढली. स्कॉटिश गुन्हेकथेला 'टार्टन न्वार' म्हणतात, टार्टन म्हणजे तिकडचं ते चौकड्यांचं कापड आणि न्वार म्हणजे काळोख. ह्या टार्टन न्वारचा जनक म्हणून त्यांचं नाव सगळीकडे झळकू लागलं. ५ डिसेंबर २०१५ला ते वारले. २०१६पासून महोत्सवातल्या मुख्य पुरस्काराला त्यांचं नाव आहे.

माझ्या चाळीस रुपयांच्या प्रतीत आणि नव्या आवृत्तीत खून तोच, शहर तेच, वाक्यं तीच. २००९ साली जी रद्दी होती ती २०१३ साली वारसा झाली. पुस्तक काही त्या चार वर्षांत सुधारलं नव्हतं. मग लेखकाचा मान राखणं म्हणजे समाजाने नक्की काय करायचं असतं? माझं म्हणणं थोडक्यात असं की पुरस्काराला, चौकाला, सभागृहाला नाव देणं ही फार स्वस्तातली गोष्ट आहे. पुस्तक मागितल्यावर मिळायला हवं, आणि ते मिळेल की नाही हे एकट्या बाजाराच्या मर्जीवर सोडता कामा नये.

हा माणूस कोण होता ते आधी पाहू, कारण विसरला जाण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. जन्म १९३६चा, किल्मारनॉक गावचा. वडील खाणकामगार. ग्लासगो विद्यापीठात शिकून मॅकिल्व्हनी इंग्रजीचे शिक्षक झाले आणि पंधरा वर्षं शाळेत शिकवत राहिले. १९७५ साली त्यांची 'डॉचर्टी' आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका खाणकामगार कुटुंबाची ही कादंबरी, तिला व्हिटब्रेड हा ब्रिटनमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला.

'डॉचर्टी'तला एक प्रसंग मराठी माणसाने वाचायलाच हवा. कॉन नावाचा पोरगा शाळेत येतो, डोक्याला लागलेलं असतं. मास्तर विचारतात, काय झालं? पोरगा घरच्या भाषेत सांगतो की तो 'शूख'मध्ये पडला. शूख म्हणजे गटार. मास्तरांना शब्द कळलेला असतो, पण त्यांना तो इंग्रजीत हवा असतो. पोरगा पुन्हा तोच शब्द म्हणतो आणि मार खातो. मग जागेवर येऊन तो एक यादी करतो, एका बाजूला आपले शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे. 'व्हतं'ला 'होतं' म्हण म्हणून हातावर छडी खाल्लेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

अशा कादंबरीनंतर, व्हिटब्रेड हातात असताना, मॅकिल्व्हनींनी १९७७ साली गुन्हेकथा लिहिली. चांगल्या साहित्यिकाने पोलिसाची गोष्ट लिहायची? आपल्याकडे जे बोललं गेलं असतं तेच तिकडेही बोललं गेलं. पण मला वाटतं त्यांनी हे जाणूनबुजून केलं. कॉनची भाषा बोलणारी माणसं ज्या प्रकारची पुस्तकं उचलतात त्या प्रकारात ते गेले. 'लेडलॉ'त ग्लासगोच्या दारूच्या गुत्त्यांत, बसमध्ये, जिन्यांवर लोक जसे बोलतात तसेच बोलतात, आणि त्यासाठी त्यांना कोणी छडी मारत नाही.

गोष्ट तशी साधी आहे. केल्व्हिनग्रोव्ह पार्कात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. खून कोणी केला हे वाचकाला फार वाट पाहायला न लावता कळतं, म्हणजे रहस्यकथेचं जे भांडवल समजलं जातं ते लेखक पहिल्याच हप्त्यात उधळून टाकतो. उरतं ते वेगळंच. मुलीच्या बापाला तो खुनी मुलगा स्वतःच्या हाताने मारायचा आहे. शहरातले गुंडही त्याच्या मागावर आहेत. आणि जॅक लेडलॉ हा पोलीस निरीक्षक त्यांच्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचू पाहतो, त्याला वाचवायला. लेडलॉचं म्हणणं असं की राक्षस वगैरे काही नसतं, माणसंच असतात, आणि खुन्याला राक्षस ठरवणं ही आपण आपल्यापुरती करून घेतलेली सोय आहे. त्याच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात कीर्केगार्द, काम्यू आणि उनामुनो यांची पुस्तकं आहेत, एखाद्याने ऑफिसात दारूच्या बाटल्या लपवाव्यात तशी. पोलीस ठाण्यात तत्त्वज्ञान वाचताना सापडणं हे दारू पिताना सापडण्याइतकंच लाजिरवाणं, हा ग्लासगोचा विनोद त्या एका खणात मावला आहे.

ह्या पुस्तकाला ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा सिल्व्हर डॅगर मिळाला. पुढच्या भागालाही, १९८३च्या 'द पेपर्स ऑफ टोनी व्हीच'ला, तोच मिळाला. तिसरा भाग, 'स्ट्रेंज लॉयल्टीज', १९९१ साली आला. चौदा वर्षांत लेडलॉची तीन पुस्तकं. मधल्या काळात ते गप्प नव्हते. 'द बिग मॅन' ही कादंबरी आली, तिच्यावर लिअम नीसनचा सिनेमा झाला, कविता झाल्या, वर्तमानपत्री लेखन झालं. १२ डिसेंबर १९९२ला एडिंबराच्या मेडोज मैदानावर स्कॉटलंडला स्वतःची संसद हवी म्हणून हजारो लोक जमले होते. तिथे त्यांनी भाषण केलं की स्कॉटिश असणं म्हणजे शुद्ध रक्ताची वंशावळ नव्हे, आपण सरमिसळ झालेली माणसं आहोत आणि त्याचा अभिमान धरावा. ते भाषण आजही तिथले लोक काढतात. पण लेडलॉ दरवर्षी एक, असं काही त्यांनी केलं नाही.

आणि गुन्हेकथेचा धंदा तर त्याच्यावरच चालतो. दिवाळी अंक जसा दिवाळीलाच यावा लागतो तसं ठरल्या महिन्यात नवं पुस्तक यावं लागतं, म्हणजे त्याच्या जोराने जुनी पुस्तकं दुकानात टिकतात. नवं आलं नाही की विक्रेता जुन्याची जागा दुसऱ्याला देतो, प्रकाशक पुढची आवृत्ती काढत नाही, आणि एखाद्या दिवशी कसलाही गाजावाजा न होता पुस्तक संपतं. त्याचा मृत्युलेख कोणी लिहीत नाही. कित्येकदा लेखकालाही रॉयल्टीच्या चेकावरूनच कळतं, म्हणजे चेक न आल्यावरून.

दुसरी बाजू इअन रँकिन ह्या स्कॉटिश गुन्हेकथाकाराची. १९८५ साली एडिंबराच्या पुस्तक महोत्सवात एक विद्यार्थी मॅकिल्व्हनींची सही घ्यायला गेला आणि म्हणाला, मी लेडलॉसारखंच काहीतरी लिहितोय, पण एडिंबरातलं. मॅकिल्व्हनींनी पुस्तकावर लिहून दिलं की एडिंबराच्या लेडलॉला शुभेच्छा. तो विद्यार्थी म्हणजे रँकिन. १९८७ साली त्यांचा इन्स्पेक्टर रीबस पहिल्यांदा आला. पण रँकिन यांचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते १९९७च्या 'ब्लॅक अँड ब्लू'ने, आणि ते रीबसचं आठवं पुस्तक होतं. दहा वर्षं, आठ पुस्तकं. कोणीतरी तेवढा दम धरला म्हणून आज रीबस आहे. रँकिन आता 'सर' आहेत, आणि हे ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. मॅकिल्व्हनी गेल्यानंतर त्यांच्या हस्तलिखित टिपणांवरून तरुण लेडलॉची अर्धवट गोष्ट रँकिन यांनीच पुरी केली. 'द डार्क रिमेन्स' ह्या नावाने ती २०२१त आली. शिष्याने गुरूचं अर्धं राहिलेलं पान पुरं करावं, ही गोष्ट मला फार आवडते. पण एवढं मानणारा शिष्य प्रत्येकाच्या नशिबात नसतो.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बाजार चाळणी लावतो ते बरंच आहे, सगळी पुस्तकं जगायला लागली तर ठेवायची कुठे? मान्य. बहुतेक गुन्हेकथा रद्दीत जाण्याच्याच लायकीच्या असतात आणि बहुतेक 'साहित्यिक' कादंबऱ्याही, फक्त त्यांची पाठ जास्त जाड असते म्हणून त्या कपाटात टिकतात. पण चाळणी काय चाळते ते बघा. ती बरं-वाईट चाळत नाही, नवं-जुनं चाळते. 'लेडलॉ' लोकांनी नाकारलं नव्हतं. माझ्या प्रतीतल्या त्या चिठ्ठीवरचे शिक्के सांगतात की वीसेक वर्षं लोक ते घेऊन जात होते. दुकानात नाही म्हणून कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून छापायचं नाही. बाजाराने हा निकाल साक्षीदार न बोलावताच दिला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अहो, शेवटी बाजारानेच तर वाचवलं की. कॅननगेट हे काही सरकारी खातं नव्हे. खरं आहे, आणि त्या प्रकाशनाला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागल्या ते मोजा. लेखक जिवंत होता. त्याला व्यासपीठावर बोलता येत होतं, आणि फार सुंदर बोलता येत होतं. ऐन वेळी महोत्सव सुरू झाला. यशस्वी झालेले शिष्य त्याचं नाव घेत होते. हे सगळं जमून आलं तेव्हा त्याला आपली पुस्तकं दुकानात पाहायला जेमतेम अडीच वर्षं मिळाली. ह्यातली एक गोष्ट जरी नसती, समजा तो २०१०ला गेला असता आणि हक्क चार वारसांत वाटले गेले असते, तर हा लेख लिहायला मी नसतो आणि वाचायला तुम्ही नसता.

कारण खरी गाठ कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं स्वामित्व हक्क चालतो. म्हणजे मॅकिल्व्हनींची पुस्तकं २०८५ संपेपर्यंत बांधलेली आहेत. भारतात साठ वर्षं. लेखकाला आणि त्याच्या पोराबाळांना पैसे मिळावेत म्हणून ही मुदत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जे पुस्तक छापलंच जात नाही त्याच्यातून कोणाला काय मिळतं? लेखकाला शून्य, वाचकाला शून्य, आणि तिसरा कोणी छापू म्हणाला तर तो चोर. गोठ्यातल्या भाकड गाईला कुलूप लावून ठेवावं आणि शेजाऱ्याने चारा टाकला तर त्याच्यावर फौजदारी करावी, अशातली ही गत.

फ्रान्सने ह्यावर एक प्रयोग करून पाहिला. २०१२ साली कायदा केला की २००१पूर्वी प्रसिद्ध झालेली आणि बाजारात न मिळणारी पुस्तकं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या यादीत टाकायची, सहा महिन्यांत लेखकाने हरकत घेतली नाही तर त्यांची डिजिटल प्रत काढायचा परवाना एका सामूहिक संस्थेने द्यायचा आणि पैसे लेखकापर्यंत पोहोचवायचे. दोन लेखक कोर्टात गेले. २०१६ साली युरोपीय न्यायालय त्यांच्या बाजूने उभं राहिलं: प्रत्येक लेखकाला नीट कळवल्याशिवाय त्याची संमती कशी धरता? आक्षेप रास्त होता. यादी कुठेतरी लागली म्हणजे ऐंशी वर्षांच्या लेखकाला समजलं, असं फक्त सरकारलाच वाटू शकतं. पण कल्पना मेली नाही. २०१९ साली युरोपीय संघाने जो नवा स्वामित्व हक्काचा निर्देश काढला त्यात बाजारात न मिळणाऱ्या कृतींसाठी ग्रंथालयांना वाट करून दिली. लेखक 'नको' म्हणू शकतो, पण नुसत्या मौनामुळे पुस्तक अडकून पडत नाही. ब्रिटन २०२०च्या जानेवारीत संघातून बाहेर पडलं आणि त्या निर्देशाच्या वाटेला गेलं नाही.

आपल्या कायद्यातही एक दार आहे, किलकिलं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१प्रमाणे, हक्कधारकाने प्रकाशित कृती पुन्हा छापायला नकार दिला आणि त्यामुळे ती लोकांपर्यंत पोहोचेनाशी झाली, तर सक्तीचा परवाना मागता येतो. पण त्यासाठी आधी हक्कधारक सापडायला हवा, त्याने नकार द्यायला हवा, मग न्यायालय. दोनशे रुपयांच्या कादंबरीसाठी एवढा खटाटोप कोण करेल? माझ्या मते गाडं उलटं फिरवायला हवं. ठरावीक वर्षं, समजा दहा, पुस्तक नव्याने छापलं गेलं नाही तर प्रकाशकाचे हक्क आपोआप लेखकाकडे परत जावेत, अर्ज-विनंत्या न करता. आणि लेखक किंवा वारस पुढच्या काही वर्षांत काही करत नसतील, तर ठरलेली रॉयल्टी जमा करून कोणालाही छापण्याची मुभा असावी. लेखकाने 'मला हे पुस्तक पुन्हा नको' असं कळवलं तर विषय संपला. आपल्या तरुणपणच्या लेखनाची लाज वाटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आता तर ई-बुक आलं, काहीच संपत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आपला प्रकाशन करार एकदा काढून वाचावा. फाइल कुठल्यातरी सर्व्हरवर पडली आहे म्हणून पुस्तक 'उपलब्ध' धरलं जातं, आणि हक्क परत देण्याचं कलम कधी लागूच होत नाही. पूर्वी पुस्तक निदान मरत तरी होतं. आता ते व्हेंटिलेटरवर ठेवून कागदोपत्री जिवंत दाखवता येतं.

हे सगळं मला एका परदेशी पोलिसाच्या निमित्ताने सुचलं तरी जिव्हाळा घरचा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळापहाड' ह्या नावांवर मराठी माणसांच्या एका अख्ख्या पिढीला वाचनाची चटक लागली. त्यातलं किती मॅकिल्व्हनींच्या तोडीचं, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. मुळात ती पुस्तकं समोर असतील तर कोणीतरी वाचून ठरवेल. अर्नाळकर १९९६ साली गेले. आपल्या साठ वर्षांच्या हिशोबाने त्यांचं लेखन २०५६ संपल्यावर मोकळं होईल. तोवर त्यांना प्रत्यक्ष वाचलेला वाचक किती उरला असेल?

गेल्या वर्षी गावी गेलो होतो तेव्हा तिथल्या वाचनालयात सहज विचारलं, जुन्या रहस्यकथा आहेत का? ग्रंथपाल काका वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "होत्या की, दोन कपाटं भरून होत्या. पण लोकांनी वाचून वाचून त्यांची पानं सुटली. दोनदा बांधून घेतली. तिसऱ्यांदा बाइंडर म्हणाला, आता शिवायला समासच उरला नाही. नव्या प्रती कुठे मिळतात? दिली मग रद्दीत." मी त्यांच्या मागच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे पुरस्कारप्राप्त ग्रंथांचे संच होते, एकाचीही पाठ मोडलेली नव्हती. काकांनी माझी नजर ओळखली. म्हणाले, "ती काय, कोणी हातच लावत नाही ना. टिकणारच."